टेस्ट हिरवी, पानावरचं उदाहरण अर्धवट

डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण हातानं पेस्ट करू नये, हे तुम्हाला माहीत असेलच. पायथनमध्ये डॉक्समधली उदाहरणं चालवून बघणारं डॉकटेस्ट 2001 पासून आहे, रस्ट भाषेचं कार्गो टेस्ट कॉमेंटमधली उदाहरणंही चालवून बघतं. मी हे सगळं पाळत होतो, तरी फसलो.

आमची डॉक्स स्फिंक्समध्ये, म्हणजे डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणाऱ्या टूलमध्ये, होती. उदाहरणाची वेगळी फाइल, तिच्यावर रोज टेस्ट, आणि पानावर लिटरलइन्क्लूड या स्फिंक्सच्या सूचनेनं त्यातून थेट उचललेला तुकडा. कुठला तुकडा, ते मी ओळींच्या आकड्यांत दिलं होतं: 12 ते 24. चोविसावी ओळ डेटाबेसचं कनेक्शन क्लोज करणारी. पुढे एका सहकाऱ्यानं फाइलच्या वर दोन इम्पोर्ट (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळी) वाढवले आणि सगळं दोन ओळी खाली सरकलं. फाइल बरोबर, टेस्ट हिरवी म्हणजे पास, पानं तयार करणाऱ्या बिल्डमध्ये वॉर्निंग नाही, कारण 12 ते 24 या ओळी फाइलमध्ये होत्याच! पानावर सुरुवातीला दोन जास्तीचे इम्पोर्ट आले, ते कुणाला खटकले नाहीत. शेवटच्या दोन ओळी गळल्या, त्यात क्लोजची. ग्राहकाच्या टीमनं तुकडा जसाच्या तसा उचलला, आणि काही दिवसांनी त्यांच्या डेटाबेसची कनेक्शनं संपली. तो कॉल आठवला की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून ओळींचे आकडे कधीच देऊ नका. फाइलमध्ये खुणेच्या कॉमेंट टाका आणि लिटरलइन्क्लूडला स्टार्ट-आफ्टर, एंड-बिफोर देऊन तुकडा कुठल्या खुणेनंतर सुरू आणि कुठल्या खुणेआधी संपतो ते सांगा. पायथनचं पूर्ण फंक्शन हवं असेल तर पायऑब्जेक्ट, त्यात फंक्शनचं नाव द्यायचं. खूण कुणी पुसली तर स्फिंक्स वॉर्निंग देतं. पण ती लॉगमध्ये बुडते, म्हणून बिल्डला डॅश कॅपिटल डब्ल्यू (-W) लावा, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड नापास होईल. गो भाषा वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं: एक्झाम्पल फंक्शनमध्ये, म्हणजे डॉक्ससाठीच्या उदाहरणात, शेवटी अपेक्षित आउटपुटची कॉमेंट नसेल तर ते नुसतं कंपाइल होतं, चालत नाही.

डॉकटेस्ट लाल झाली, म्हणजे नापास झाली, की ती टेस्टच वगळणारं स्किप लावून मोकळे होणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. 'कोड हेच डॉक्युमेंटेशन' म्हणणाऱ्यांचंही नाही. त्यांना ग्राहकाचे फोन घ्यावे लागत नाहीत.

घाबरू मात्र नका. हे काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. आमच्या डॉक्समधले ओळींचे सगळे आकडे काढून टाकायला मला दोन दुपारी लागल्या. आता प्रत्येक रिलीजआधी मी तयार पान ब्राउझरमध्ये उघडतो, उदाहरण तिथूनच कॉपी करतो आणि रिकाम्या फोल्डरमध्ये चालवतो.