कोंबडीचा पाय बरा होईना? या चुका टाळा

मृगाचा पाऊस लागला की आमच्या करवीर तालुक्यात परसातली एखादी तरी कोंबडी लंगडायला लागते. "काटा मोडला असंल, चालंल दोन दिवसांत," म्हणून आपण सोडून देतो. गणपतीपर्यंत तळव्याला बोराएवढी गाठ येते आणि मग धावपळ सुरू होते.

आधी कोंबडी उचलून तळवा नीट बघा. मधोमध काळी, टणक खपली आणि भोवती गरम सूज असेल तर तो बंबलफूट, म्हणजे तळव्यातलं गळू. खरचटलेल्या जागेतून जिवाणू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. नडगीवरचे खवले उचललेले, खरबरीत दिसत असतील तर ती किडीची खरूज. तिला व्हॅसलिन चोपडतात, चाकूचं काही काम नाही. हा फरक न बघताच पाय कापणारे लोक मी पाहिलेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गळू पिकायची वाट बघणं. आपल्याकडं पोटीस बांधायची सवय आहे; माणसाचं गळू पिकतं, फुटतं, वाहून जातं. कोंबडीचा पू मात्र वाहत नाही. पू पातळ करणारं विकर तिच्या पेशींत नसल्यामुळं तो आधी पनीरसारखा आणि पुढं वाळक्या हरभऱ्यासारखा घट्ट होतो. किती दिवस पोटीस बांधा, हा हरभरा आपणहून बाहेर येत नाही. अँटिबायोटिक गोळी देऊनही पाय बरा होत नाही त्याचं कारण तेच. पुवाच्या त्या घट्ट गोळ्यात रक्त पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार?

दुसरी चूक घरगुती जालीम उपायांची. चुना, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल यांनी कातडी भाजते आणि जखम आणखी खोल जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून लोकांना भारी वाटतं, पण रोज ओतलं तर भरून येणारं नवं मांसही मरतं. त्यापेक्षा कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळवून १०-१५ मिनिटं पाय बुडवा, कोरडा करा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. उसाला टाकायचं मॅग्नेशियम सल्फेट घरात पोत्यानं पडलेलं असतं आणि ते रसायन तेच, तरी जखमेसाठी औषधाच्या दुकानातलंच घ्या. सुरुवातीची छोटी गाठ असेल तर एवढ्यानं खपली मऊ पडते, कधी आतला गोळाही तिच्याबरोबर सुटून येतो.

सुटला नाही तर? इथं मी स्वतः चुकलोय. घाईनं नखानं खपली ओढली, रक्त थांबेना, आणि गोळा राहिला आतच. भूल न देता खोल कापणं कोंबडीला फार दुखतं, शिवाय तळव्यात शिरा आणि स्नायूबंध अगदी जवळजवळ असतात. गाठ खोल असेल, सूज बोटांत किंवा नडगीत चढली असेल, कोंबडी खायची थांबली असेल तर पशुवैद्यकाकडं न्या. १९६२ वर फोन केला तर फिरता दवाखानाही मिळतो. म्हशीची उरलेली अँटिबायोटिक गोळी अंदाजानं चारू नका. आणि औषध चालू असताना, नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, अंडी खाऊ नका, विकू नका.

पट्टी बांधताना बोटं मोकळी ठेवा. आवळून बांधली की बोटं सुजून काळीनिळी पडतात. एक-दोन दिवसांनी, आणि ओली झाली तर लगेच बदला. हातमोजे घालायला विसरू नका, हा जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतो.

पाय बरा होऊन परत सुजतो तेव्हा मात्र दोष औषधाचा नसतो, खुराड्याचा असतो. गिरिराजसारखी वजनदार कोंबडी छातीएवढ्या उंच दांडीवरून रोज सकाळी कोब्यावर उडी मारत असेल तर कुठला तळवा टिकणार? दांडी दीड फुटावर आणा, चार-पाच सेंटिमीटर रुंद ठेवा, कडा गोल घासून घ्या. खाली जाळी असेल तर तिच्यावर फळी टाका. आमच्याकडं फुकटात मिळतं म्हणून उसाचं पाचट अंथरतात. त्याच्या कडा कापतात आणि पावसात त्याला बुरशी धरते. त्यापेक्षा भाताचं तूस तीन-चार इंच पसरा, ओला झालेला भाग रोज काढा. नुसत्या दाण्यावर पोसलेल्या कोंबड्यांना अ जीवनसत्त्व कमी पडलं तर तळव्याची कातडी कच्ची राहते. शेवग्याचा पाला किंवा लसूणघास टाकत जा.

आणि बघायची वेळ रात्रीची ठेवा. कोंबड्या दांडीवर पेंगत असताना बॅटरी घेऊन एकेकीचा तळवा उलटून बघायचा. दिवसा पकडायला गेलात तर अख्ख्या गल्लीला तमाशा.