खडूस माणूस विरघळतो अशी रोमकॉम लिहायचीय? मग आधी त्याला नीट खडूस करा

रोमकॉम, म्हणजे रोमँटिक कॉमेडी, लिहायला बसलेल्या दहापैकी सात जणांच्या डोक्यात हीच स्टोरी असते, एक जण प्रचंड खडूस, तिरसट, कोणाचं ऐकून घेत नाही आणि मग कोणीतरी भेटतं आणि तो हळूहळू मऊ होतो. ऐकायला एकदम सोपं वाटतं, लिहायला घेतलं की पन्नासाव्या पानावर गाडी अडकते, कारण तोपर्यंत हिरो (किंवा हिरोइन, पुढे मी हिरो म्हणेन पण दोन्ही धरा) चार वेळा ओरडलेला असतो आणि आता त्याला चांगलं कसं करायचं ते कळत नाही. मग आपण काय करतो, पाऊस पाडतो. मी पण पाडला होता, माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये पावसात भिजणारं एक लहान मूल बघून हिरोचा स्वभाव एका सीनमध्ये बदलला होता, त्याबद्दल शेवटी सांगतो.

सुरुवात नियमांपासून करा. खडूस म्हणजे नुसता ओरडणारा नाही, ओरडणारा माणूस दहा मिनिटांत बोअर होतो. खडूस माणसाची स्वतःची एक घट्ट सिस्टीम असते, ती कोणी मोडली की तो भडकतो. म्हणून एक कागद घ्या आणि त्याचे पाच-सहा नियम लिहून काढा, पण डोळ्यांना दिसतील असे. 'त्याला माणसं आवडत नाहीत' हा नियम नाही झाला, ते कॅमेऱ्यात येत नाही. १९९७ च्या 'ॲज गुड ॲज इट गेट्स' मधला मेल्विन बघा, त्याला रोज तेच रेस्टॉरंट, तेच टेबल, तीच वेट्रेस लागते, चमचे-काटे घरून प्लास्टिकचे आणतो आणि फूटपाथवरच्या फटींवर पाय पडू देत नाही. हे सगळं दिसतं ना, म्हणून पुढे त्यातलं एक जरी मोडलं तरी ते पण दिसतं, संवादात 'मी बदललो' म्हणायची गरजच पडत नाही. तुमचा अख्खा सिनेमा म्हणजे त्या कागदावरचे नियम कुठल्या क्रमाने मोडायचे याचं गणित आहे, सगळ्यात फालतू नियम आधी आणि ज्याच्यावर त्याचा जीव अडकलाय तो शेवटी.

मग प्रश्न येतो की असला माणूस लोकांनी दोन तास का बघायचा. पटकथेच्या क्लासमध्ये सांगतात की सुरुवातीलाच हिरोला एखादं भलं काम करायला लावा म्हणजे लोक त्याच्या बाजूचे होतात. मेल्विन सुरुवातीलाच शेजाऱ्याचा कुत्रा इमारतीतल्या कचरा खाली टाकायच्या नळीत टाकतो! आणि तरी आपण बघत बसतो, कारण तो बोलतो मस्त. खडूस माणूस हुशार हवा, आपल्या कामात पक्का हवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहापैकी तीन-चार वेळा तो बरोबर पण असायला हवा. बाकीचे शिष्टाचार म्हणून गप्प बसतात तिथे हा बोलून मोकळा होतो, त्यातच निम्मी कॉमेडी आहे. मूर्ख आणि खडूस असा माणूस नुसता डोक्यात जातो.

आता दोघांना बांधून ठेवायची सोय करा. कुठलाही शहाणा माणूस असल्या प्राण्याला बघून पळून जाईल, म्हणून पळता येणार नाही असं कारण लागतंच. २००९ च्या 'द प्रपोजल' मध्ये बॉस कॅनडाची, व्हिसाचा घोळ झाल्यामुळे अमेरिकेतून बाहेर काढायची वेळ आलीय म्हणून ती असिस्टंटला लग्नाला तयार करते आणि त्याला त्या बदल्यात प्रमोशन पाहिजे. दोघांचाही मतलब, दोघंही अडकलेले. तुमचं कारण एवढं मोठं नसलं तरी चालेल पण दोघांना काहीतरी गमवायचं असलं पाहिजे, एकट्यालाच असेल तर दुसरं माणूस दर सीनला 'मी जातो' म्हणत राहतं आणि तुम्ही दर सीनला त्याला थांबवायचं कारण शोधत बसता.

पहिला चांगुलपणा स्वार्थातून येऊ द्या. हे मला फार उशिरा कळलं. कॅरोल, म्हणजे ती वेट्रेस, मुलगा आजारी म्हणून कामावर येत नाही आणि मेल्विनच्या जेवणाचे वांधे होतात, म्हणून तो तिच्या मुलासाठी चांगल्या डॉक्टरची सोय करतो. दया-माया काही नाही हो, मला माझी वेट्रेस परत पाहिजे एवढंच! पण त्या डॉक्टरमुळे एका आईचं आयुष्य बदलतं आणि तिचे आभार घ्यायची वेळ आली की ह्याला काय करावं ते सुचत नाही. बघा, स्वभाव तोच आहे, फक्त परिणाम त्याच्या हातातून निसटला. खडूस माणूस एकदम उदार झाला तर कोणाचा विश्वास बसत नाही, स्वतःच्या फायद्यासाठी केलेल्या कामातून चुकून कोणाचं भलं झालं तर लगेच बसतो.

मध्यावर, म्हणजे साधारण शंभर पानांची स्क्रिप्ट असेल तर (एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचा एक मिनिट) पन्नासाव्याच्या आसपास, त्याला मऊ झाल्याचं नाटक करू द्या आणि तोंडावर पडू द्या. १९९३ च्या 'ग्राउंडहॉग डे' मध्ये खडूस फिल तोच एक दिवस पुन्हा पुन्हा जगण्यात अडकलाय, तर तो आपल्याला आवडणाऱ्या रिटाच्या आवडीनिवडी पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी (म्हणजे त्याच दिवशी) त्या वापरून परफेक्ट माणूस बनून दाखवतो, आणि प्रत्येक वेळी थप्पड खातो. तो खरा बदलतो कधी, तर पियानो शिकतो, गावातल्या लोकांच्या उपयोगी पडायला लागतो, तेव्हा. रिटा मिळवायची म्हणून केलेलं सगळं फसतं.

याच्याशी जोडून एक जुनी युक्ती, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ चं पुस्तक आहे पण अजून चालतंय. गर्विष्ठ डार्सी एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो ती ६१ प्रकरणांपैकी ३४ व्या प्रकरणात, म्हणजे जवळपास मध्यावर, आणि ती पण तिच्या घरच्यांना कमी लेखत, त्यामुळे सणसणीत नकार मिळतो. नंतर तो तिच्या बहिणीचं प्रकरण स्वतः पैसे भरून निस्तरतो, पण कोणाला सांगू नका अशी अट घालून, आणि तिला ते दुसऱ्याच लोकांकडून कळतं. मोठं चांगलं काम खडूस माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मेलं.

आता माती खायचा सीन. हा जिथे जमतो तिथे सिनेमा जमतो, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मेल्विन कॅरोलला चांगल्या रेस्टॉरंटमध्ये नेतो, तिथे जॅकेट-टायशिवाय आत घेत नाहीत, तर हा जाऊन नवीन विकत घेऊन येतो आणि आल्या आल्या म्हणतो की मला नवे कपडे घ्यायला लावले आणि हिला घरातल्या कपड्यांवर आत सोडलं. ती उठायला निघते, एक तरी चांगलं वाक्य बोल म्हणते. तेव्हा तो सांगतो की मला माझ्या मानसिक आजाराच्या गोळ्या घ्यायचा तिटकारा आहे पण तुझ्यामुळे घ्यायला लागलोय. ती विरघळते, आपण विरघळतो, आणि पाच मिनिटांत हा पुन्हा काहीतरी भयंकर बोलून सगळं घालवतो. एकाच टेबलावर खाली-वर-खाली. बदलणारा माणूस सरळ रेषेत बदलत नाही, आणि जवळ आल्यावरच त्याला जास्त भीती वाटते म्हणून तो नेमका तिथेच चावतो. आणि 'तू सुंदर दिसतेस' असलं काही नाहीये त्या कौतुकात, एक नियम मोडल्याची बातमी आहे फक्त. तो कागद सुरुवातीला उगाच नाही लिहून घेतला.

हां, आणि गोळ्यांवरून आठवलं, प्रेमाने आजार बरा झाला असं दाखवू नका प्लीज. तिथे पण प्रेमाने तो गोळ्या घ्यायला लागतो, एवढंच.

समोरच्या पात्राला नर्स बनवू नका. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये हिरोइनला काम एकच, सहन करणं आणि समजून घेणं. तिला स्वतःची अडचण द्या, स्वतःचा खवटपणा द्या आणि निदान एकदा खरा नकार द्यायला लावा, ज्याच्यानंतर हिरो खरंच मागे सरतो. नकारानंतर पाठलाग, धमकी, फोन तपासणं हा खडूसपणा नाही, तो वेगळा सिनेमा आहे आणि त्यात कॉमेडी बसत नाही.

बालपणीच्या दुःखाचं लांबलचक भाषण काढून टाका. एक ओळ पुरते, तीही दुसऱ्या कामाच्या गडबडीत आलेली.

हसण्याचं पण बघा. १९३९ च्या 'निनोच्का' मध्ये ग्रेटा गार्बो कडक सोव्हिएत अधिकारी आहे, हिरो रेस्टॉरंटमध्ये तिला जोक्स सांगून सांगून थकतो, ती ढिम्म. मग तो खुर्चीवरून पडतो आणि ती खदखदून हसते. खडूस माणसाला हसवायचं असेल तर समोरच्याने आधी पडायला पाहिजे.

शेवटी त्याला गोड करू नका, तोंड तसंच राहू द्या. दहाव्या पानावरचं एखादं तिरकस वाक्य उचला आणि पंचाण्णवाव्या पानावर तेच वाक्य त्याच माणसाला पुन्हा बोलायला लावा, फक्त आता समोरची हसली पाहिजे. हे जमत नसेल तर पंचाण्णवावं पान सोडा आणि दहाव्यावरचं वाक्य बदला, बहुतेक वेळा ते वाक्यच नुसतं उद्धट असतं, त्यात गंमत नसते.

आणि ड्राफ्ट झाला की एका मित्राला समोर बसवून वाचायला द्या, मतं विचारू नका, फक्त तो कुठल्या पानावर मोबाईल उचलतो ते लिहून ठेवा. माझ्यावाल्याने एकसष्टाव्या पानावर उचलला. पाऊस बासष्टाव्यावर होता, तिथपर्यंत पोचलाच नाही तो.