अक्षता पडताना चित्र फुटू नये म्हणून

सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागले तेव्हा कट मारणं, रंग सारखे करणं, गाणं बसवणं हे सगळं चार-सहा महिन्यांत हाताला बसलं. एक्स्पोर्टची, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढायची, खिडकी मात्र कुणी शिकवली नाही. ठरलेला प्रीसेट, म्हणजे आधीच भरून ठेवलेली सेटिंग, निवडायचा आणि बटण दाबायचं. नव्याने येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं आजही असंच चालतं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीच्याच काळात एका लग्नाची पूर्ण फिल्म, दोन तास चाळीस मिनिटांची, मी एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीत, काढली. एकच फाइल, चार जीबीच्या आत बसलेली. मला फार आनंद झाला होता. रात्री नऊच्या सुमाराला मुलीच्या वडिलांचा फोन आला, "ताई, आवाज येतोय, पण चित्रच नाही. पाहुणे बसलेत सगळे." मागे मंगलाष्टकं ऐकू येत होती. स्टुडिओतल्या मशीनवर तीच फाइल सुरेख चालत होती, त्यामुळे मला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बघितलं तर टीव्ही २०१२ सालचा. एच.२६५ हे प्रमाणच मुळात २०१३ मध्ये आलं. त्या टीव्हीच्या चिपला ते कळणार कुठून? आवाज एएसी या जुन्या पद्धतीत होता, तो त्याला कळला.

तेव्हापासून टाइमलाइन, म्हणजे क्लिप मांडायची पट्टी, उघडण्याआधीच पार्टीला विचारते की हे कशावर बघणार आहात. टीव्ही किती जुना आहे, की फक्त मोबाइलवर आणि यूट्यूबवर बघणार? या उत्तरावर अर्धा निर्णय होऊन जातो.

आता थोडं मुळातलं. एमपी४ किंवा एमओव्ही हा नुसता डबा. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलं आहे ते कोडेक ठरवतं. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ सुद्धा असू शकतं. म्हणून "एमपी४ मध्ये दिलंय" एवढ्याने काहीच कळत नाही. शंका आली की मीडियाइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून बघा, आतलं सगळं दिसतं. एच.२६४ हे २००३ चं आहे, म्हणजे जुनं, पण जवळजवळ प्रत्येक टीव्ही, फोन, लॅपटॉपवर चालतं. घरी द्यायच्या कॉपीसाठी मी आजही डोळे मिटून तेच निवडते, आठ बिटमध्ये (रंगाच्या छटा किती बारीक साठवायच्या ते हा आकडा सांगतो). दहा बिटचं एच.२६४ कॉम्प्युटरवर चालेल, टीव्हीवर बहुधा नाही.

पण एच.२६४ घेतलं की फाइल मोठी होते, आणि लगेच पेनड्राइव्हची अडचण उभी राहते. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅट केलं तर बसते, पण जुने टीव्ही तो पेनड्राइव्ह वाचत नाहीत. म्हणून आधी हिशोब करायला शिका. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा, तो एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) मोजतात. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ, म्हणजे एमबी. बारा एमबीपीएसने चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद: ३,६०० एमबी, आवाज धरून ३.७ जीबीच्या आसपास. त्या फिल्मचे मी चाळीस-चाळीस मिनिटांचे चार भाग केले: हळद, सीमांतपूजन, लग्न, आणि चौथ्यात वरात-रिसेप्शन. घरच्यांना उलट तेच आवडलं, कारण आजीला हळदच बघायची असते आणि ती लगेच लावता येते.

बिटरेटबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण चित्र फुटतं ते इथेच.

ही कोडेक सगळ्या फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितात. नवरी पाटावर बसली आहे, मागे अंतरपाट, तेव्हा बदल थोडाच, पाच एमबीपीएससुद्धा पुरतात. पण "शुभ मंगल सावधान" झालं की दोन-तीनशे हातांतून एकदम अक्षता उडतात. पिवळे-लाल तांदळाचे दाणे, प्रत्येक वेगळ्या दिशेने, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. कोडेकला आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काहीच सापडत नाही. हातातले बिट संपतात, आणि नवरीच्या चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. लग्नातला तोच क्षण लोक पुन्हा पुन्हा बघतात, आणि नेमका तोच बिघडतो. याचं मला आजही वाईट वाटतं. हळदीची उधळण, लेझीमच्या वेळचा गुलाल, फटाक्यांचा धूर, सगळीकडे हेच.

म्हणून सीबीआर (सगळीकडे सारखाच बिटरेट) न घेता व्हीबीआर टू-पास (गरजेप्रमाणे बदलता बिटरेट, दोन फेऱ्यांत) घ्या. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर पूर्ण फिल्म तपासतं, कुठे गडबड जास्त आहे ते बघतं, आणि दुसऱ्या फेरीत शांत प्रसंगांतले बिट वाचवून अक्षतांना देतं. टार्गेट (सरासरी) बारा एमबीपीएस, मॅक्झिमम वीस, फुल एचडीसाठी मी हेच ठेवते. वेळ जास्त लागतो. रात्री लावून घरी जा.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, कॅमेऱ्याचा तोच ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, मंडपातल्या ट्यूबलाइट लुकलुकू नयेत म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० वर लावतात. २५ ची टाइमलाइन ३० वर काढली तर सेकंदाला पाच फ्रेम दुबार येतात आणि वरात धक्के खात चालते. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेलं फुटेज आलं तर त्याचा फ्रेमरेट बहुधा सतत बदलता असतो. ते आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ करून घ्या, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात.

यूट्यूबचं सोपं आहे. फुल एचडी, २५ फ्रेमसाठी ते स्वतः आठ एमबीपीएस सुचवतात, पण तुमची फाइल ते पुन्हा दाबतातच, म्हणून मी सोळा-वीस देते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ते पुन्हा दाबलं जात नाही. स्थानिक चॅनलची जाहिरात असेल तर स्वतःच्या मनाने काही काढू नका, त्यांच्याकडून लेखी स्पेक, म्हणजे फाइल कशी हवी त्याची यादी, मागून घ्या.

पार्टीची कॉपी आणि तुमची मास्टर कॉपी (स्वतःकडे जपून ठेवायची प्रत) एक नसावी. दाबलेली फाइल पुन्हा दाबली की प्रत्येक वेळी काहीतरी जातं. प्रोरेस ४२२ हे कमी दाबणारं कोडेक मास्टरसाठी उत्तम, पण २५ फ्रेमच्या फुल एचडीला तासाला साधारण ५५ जीबी खातं. पूर्ण लग्नाला ते परवडत नाही. मी पाच मिनिटांची हायलाइट फिल्म प्रोरेसमध्ये ठेवते, साडेचार जीबी होते. पूर्ण फिल्म एच.२६४ मध्येच, पण ५० एमबीपीएसने. विंडोजवर प्रोरेसच्या जागी डीएनएक्सएचआर हे तसंच कोडेक घेतलंत तरी चालेल.

फायनल लावण्याआधी अक्षतांच्या वीस सेकंदांना इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) मारा आणि तेवढाच तुकडा आधी काढा. तो पेनड्राइव्हवर टाका आणि मशीनवर न बघता टीव्हीवर बघा. स्टुडिओत नवीन टीव्ही आला तेव्हा जुना भंगारात जाणार होता, तो मी मागून घेतला. माझ्या टेबलाशेजारी आहे. प्रत्येक लग्नाच्या अक्षता आधी त्याच्यावर पडतात.