वरचा हात कुठला? एका क्रिकेटवाल्याचे बेसबॉलचे धडे

नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो, त्याच उन्हाळ्यात ऑफिसातल्या एकाने मला हौशी बेसबॉल संघात ओढलं. पाठीशी साताऱ्यातलं टेनिस बॉल क्रिकेट आणि दंडात बऱ्यापैकी जोर, त्यामुळे चेंडू सहज कुंपणापार जाणार याची मला खात्री होती. पहिला महिनाभर जे काही चेंडू बॅटला लागले, ते सगळे शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, सरपटत गेले.

आधी शब्दांचाच घोळ झाला. प्रशिक्षक ओरडायचे, "टॉप हँड!" क्रिकेटमध्ये बॅट खाली लोंबते, म्हणून उजव्या फलंदाजाचा डावा हात 'वरचा'. इथे बॅट खांद्यापाशी उभी असते, त्यामुळे तोच डावा हात 'खालचा' होतो आणि उजवा वरचा. हात तेच, त्यांची जागाही तीच, फक्त नावांची अदलाबदल. दोन आठवडे मी इमानेइतबारे चुकीचा हात सुधारत होतो! (755 होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकारच, मारणारा हँक आरन तरुणपणी खरोखरच हात उलटे धरून खेळायचा. तेव्हा आपण निदान त्याच्या पुढे आहोत.)

दुसरी खोड मोडायला जास्त वेळ लागला. चेंडू सुटला की मी दोन्ही हात लांब करून बॅट बाहेरून फिरवायचो. गळ टाकल्यासारखं दिसतं म्हणून याला 'कास्टिंग' म्हणतात. भरलेली कळशी अंगालगत धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. साधारण 900 ग्रॅमची बॅटही अंगापासून लांब गेली की वळवायला तशीच जड होते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ज्या पट्टीवरून चेंडू टाकतो ती फलंदाजापाशी असलेल्या होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर असते आणि ताशी 145 किलोमीटरचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात पोचतो. आमच्याकडचे पिचर एवढे वेगवान नव्हते, तरी मला उशीर व्हायचाच.

मग दंडातल्या जोराचं काय? त्याचा वाटा मला वाटला होता त्यापेक्षा फारच कमी निघाला. पुढचा पाय टेकतो, कंबर वळते, मागोमाग छाती, मग हात, आणि बॅटचं टोक सगळ्यात शेवटी. आधीचा भाग मंदावतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याकडे जातो. आसूड ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: हात थांबतो तेव्हा टोक कडाडतं. चेंडूला बॅट लागायच्या जरा आधी हात मंदावतात, हे मला पटतच नव्हतं. मित्राने फोनवर माझा स्लो मोशन व्हिडिओ काढला. माझे हात शेवटपर्यंत पळत होते आणि बॅट बिचारी मागे फरफटत होती.

सरपटणाऱ्या चेंडूंचं मूळ मात्र क्रिकेटमध्ये होतं. पुल मारताना चेंडू हवेत जाऊ नये म्हणून मनगटं वळवायची, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. इथे चेंडू लागतो त्या क्षणी उजवा तळवा आभाळाकडे आणि डावा जमिनीकडे हवा. मनगटं वळतात, पण चेंडू गेल्यावर.

मूठ आवळूनही काही मिळत नाही. चेंडू आणि बॅटची गाठ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती असते, तेवढ्यात पकडीचा जोर चेंडूपर्यंत पोचतच नाही. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन हे अनेक वर्षं सांगत आले आहेत. 2012 मध्ये सिनसिनाटी रेड्स संघाच्या टॉड फ्रेझरच्या हातून फटका मारताना बॅट सुटली, तरी होमरन झाला. आवळल्याने मनगट तेवढं आखडतं. बॅट तळव्यात खोल न रोवता बोटांत धरा.

सराव एकच सांगतो, बाकीचे मला फारसे लागू पडले नाहीत. जाळीपासून बॅटच्या लांबीएवढ्या अंतरावर, जाळीकडे तोंड करून उभे राहा आणि जाळीला न लावता बॅट फिरवा. कास्टिंग केलंत की खणकन आवाज येतो. मी रोज 30 वेळा करायचो, आणि पहिल्या आठवड्यात शेजारी खिडकीतून बघून गेले.

एक दुखणं अंगावर काढू नका. बॅटची बोंडी, म्हणजे मुठीकडच्या टोकाचा गोळा, खालच्या हाताच्या तळव्यात रुतते आणि करंगळीच्या बाजूला मनगटाजवळचं 'हॅमेट' हाड मोडू शकतं. 2015 मध्ये बेसबॉलपटू जियानकार्लो स्टँटनचा उरलेला मोसम त्यातच गेला. मला तिथे नुसतं ठणकायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढून दोन आठवडे विश्रांती दिली. परतल्यावर मी बॅट बोंडीपासून एक बोट वर धरली. ती जरा लवकर वळायला लागली, म्हणून अजून तशीच धरतो.