तितिकाकाकाठी क्वेचुआ घरात मुक्काम : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणाऱ्यांसाठी

पेरूतल्या तितिकाका सरोवरात आमान्तानी नावाचं बेट आहे. तिथले क्वेचुआ शेतकरी पाहुण्यांना आपल्याच घरात ठेवून घेतात. कुठल्या घरी उतरायचं हे बहुतेकदा बेटावरच पाळीनं ठरतं, त्यामुळे फोटो बघून घर निवडायच्या फंदात पडू नका.

आधी उंचीचा बंदोबस्त करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, तर सरोवर ३,८१२ मीटरवर. तिथं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं कमी पडतो. राजधानी लिमाहून विमानानं थेट सरोवराजवळच्या हुलियाकाला उतरलात, तर पहिल्याच रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. म्हणून वाटेत २,३०० मीटरवरच्या आरेकिपाला दोन रात्री काढा, मग सरोवरकाठच्या पुनो शहरात किमान एक, आणि त्यानंतरच बोटीत बसा. उंचीच्या त्रासावरचं असिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून. चढावर दम लागणं ठीक आहे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायची सोय करायची.

मे किंवा ऑक्टोबर बरा. उन्हाळ्याच्या नाहीतर दसऱ्याच्या सुट्टीत बसतो. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि जानेवारी-फेब्रुवारी हा तिथला पावसाळा.

कागदपत्रांत पीतज्वराची (यलो फीव्हर) लस लोक हमखास विसरतात. पेरूहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दहा दिवसांनी लागू होते. व्हिसाचं काम त्याआधी सुरू करा. विमान अमेरिकेत बदलणार असेल तर तिथला व्हिसाही लागतो.

पुनोच्या धक्क्यावरून बोट सकाळी निघते, बेट तीन-साडेतीन तासांवर. पुनोतल्या एजंटाकडून सहल घेतलीत तर एकच प्रश्न स्पष्ट विचारा : यातले घरच्यांच्या हातात किती जातात? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ गावच्या बोटीनं जा आणि पैसे घरच्या बाईच्या हातात द्या. बेटावर एटीएम मिळेल या भरवशावर राहू नका. १० आणि २० सोलच्या (सोल हे पेरूचं चलन) नोटा पुनोतूनच घ्या. फाटकी नोट तिथं कुणी घेत नाही.

जेवण शाकाहाऱ्यांना फारसं जड जात नाही : किनोआचं सूप, उकडलेले बटाटे, ओका नावाचं आंबटगोड कंद, तळलेलं चीज, वर मुन्या या रानवनस्पतीचा चहा. मात्र ‘सिन कार्ने’ (स्पॅनिशमध्ये ‘मांस नको’) एवढंच म्हटलं तर कोंबडी किंवा मासा चालतो असा अर्थ घेतला जाऊ शकतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारा. खरी अडचण कंदमूळ न खाणाऱ्या जैन मंडळींची, कारण ताटात निम्मं कंदच असतं आणि रात्रीचं जेवण दिवेलागणीनंतर. त्यांनी भडंग, खाकरा, भाजलेले शेंगदाणे जवळ ठेवावेत आणि पोहोचल्याबरोबर सांगून टाकावं. ताटात आल्यावर सांगितलं तर बाईची मेहनत वाया जाते.

भाषेची धास्ती आपल्या भागातल्या माणसाला वाटू नये. बाजारात कन्नड, घरात मराठी हा खेळ इथं रोजचाच. त्या घरातही स्पॅनिश ही बहुधा शिकलेली भाषाच असते, म्हणून लहान वाक्यं, सावकाश. क्वेचुआत भेटल्यावर ‘अल्यिल्यांचू’, आभाराला ‘सुल्पायकी’.

भेट म्हणून तांदूळ, तेल, साखर, फळं पुनोच्या बाजारातूनच घ्या. पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका. वह्या-पेन्सिली द्या, त्याही आईच्या हाती. कुंदा मोह पाडेल, पण दुधाचे पदार्थ पेरूच्या तपासणीत अडकतात. शहापूरच्या मागावरचं एखादं कापड न्या, तिथंही विणकामाची कदर आहे.

संडास बहुधा अंगणापलीकडे, पाणी बादलीत आणि मोजकं. घडीचा मग आणि टॉर्च न्या. वीज सौर पॅनेलवर असते, म्हणून पॉवर बँक पुनोतच भरून घ्या. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथल्या बऱ्याच सॉकेटांत बसतो, तीन पिनांचा नाही. घरी फोन करायचा तर तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा.

कोकाच्या पानांचा चहा तिथं राजरोस मिळतो, कायद्यानं चालतो. पण पानं काय, चहाच्या पुड्या काय, परतीच्या बॅगेत एकही ठेवू नका. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. निघायच्या आदल्या रात्री बॅगेचे कप्पे आणि जॅकेटचे खिसे उलटे करून बघा.