फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर: शेवटी सापडला तो फ्यूज

डबल-डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. फ्रीजर कडक थंड, पण खालच्या कप्प्यात दूध नासायचं. फ्रीजरच्या मागच्या पॅनलवर बर्फाचा थर, आणि पंख्याची पाती त्याला घासून खर्र-खर्र आवाज.

आधी मुंबईच्या पावसाळी दमटपणाला दोष दिला. दाराचं रबर बदललं. मेकॅनिक म्हणाला, गॅस भरा. भरला, पैसे गेले. रात्रभर बंद ठेवला की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. वैताग आला होता.

उपयोगी पडलं ते असं. आधी प्लग काढला. दार उघडं ठेवून बर्फ पूर्ण वितळू दिला (सुरी अजिबात नको, कॉइलला भोक पडलं तर खेळ खलास). मग मागच्या पॅनलचे स्क्रू काढले. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मल्टिमीटरने आधी डिफ्रॉस्ट हीटर (कॉइलवरचा बर्फ वितळवणारा) तपासला: 260 ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत. बायमेटल (बर्फ वितळला की हीटर बंद करणारा स्विच) 'ओपन' म्हणजे जोड तुटलेला दिसला, तिथे मी फसणार होतो. तो गारठल्यावरच जोडला जातो, त्यामुळे घरच्या तापमानाला ओपन असणं बरोबरच. बर्फाच्या पाण्यात मीठ घालून पिशवीत गुंडाळून बुडवला, तेव्हा जोडला गेला. उरला थर्मल फ्यूज, जास्त तापलं की हीटरची वीज तोडणारा. तो शून्य ओहमजवळ दिसायला हवा; माझा साफ उडालेला.

त्याच तापमानाला उडणारा नवा फ्यूज बसवला. फ्यूज वगळून वायर थेट जोडू नका, हीटर चालूच राहिला तर आगीची भीती. पॅनल लावलं, फ्रिज सुरू केला. तीन महिने झाले, मागची भिंत कोरडी आहे.