पानपिंपरी : झड लागण्याआधी चराचं तोंड मोकळं करा

अंजनगाव सुर्जी, अकोटकडच्या पानपिंपरीवाल्यांनो, या आठवड्यात बाकी कामं राहिली तरी चालतील, चर उपसा. पानपिंपरी म्हणजे औषधी पिंपळी. तिच्या वेलाला अर्धी सावली लागते, ओल लागते, हे खरं. पण आपल्या काळ्या मातीत ओल आणि साचलेलं पाणी यांत एका झडीचंच अंतर असतं.

चर तर सगळेच काढतात. धुऱ्याजवळचा (बांधाजवळचा) शेवटचा हात-दोन हात मात्र सावलीसाठी लावलेल्या शेवरीच्या पाल्यानं बुजलेला राहतो. मी पाहिलेले बहुतेक मळे तिथूनच बसले. पाऊस थांबल्यावर तासाभरानं चक्कर मारा. वाफ्यात टाच रुतून खळग्यात पाणी भरत असेल, तर चर आणखी वीतभर खोल करा.

पानं पिवळी पडली की दुकानदार टॉनिकची बाटली पुढं करतो. आधी एक वेल उपटून पाहा. मूळ काळं, साल बोटानं निसटते, वास येतो? मग ती मूळकूज आहे. टॉनिक म्हणजे पैसे चरात टाकणं. अशा वेळी वेल मलूल दिसतो म्हणून पाणीही देऊ नका. कुजलेले वेल मातीसकट काढून वावराबाहेर जाळा.

बाकीच्यांच्या बुडाशी १ टक्का बोर्डो मिश्रण ओता. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, प्लास्टिकच्या ड्रममध्येच. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळा. घासलेला विळा मिनिटभर बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी पडला. त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) यासोबत नको, १५ दिवसांनी शेणखतातून द्या.

हेटा (हादगा), शेवरीच्या फांद्या झडीत थोड्या छाटा, वारा खेळू द्या. पाला बकऱ्यांना होतो. बोडकं मात्र करू नका, ऑक्टोबरचं ऊन वेल भाजून काढतं.

इतर कामं :
- तण हातानं उपटणे, खुरपं मुळांपासून दूर
- लोंबलेले वेल बांधणे
- युरिया उघडीप पडेपर्यंत बंद
- घड पिकण्याआधी, हिरवट-काळे असताना तोडणे

माझा एक अंदाज, पुस्तकात नाही : वाफ्यावर हिरवं शेवाळ धरलं की मुळांचं दुखणं सुरू झालेलं असतं, पान मागाहून सांगतं. शेवाळ दिसलं त्याच दिवशी फावडं घेऊन धुऱ्याकडे जा.